सम्यक व्यायाम आणि आपले रोजचे जगणे

तथागत भगवान बुद्धांनी सांगितलेल्या आर्य अष्टांगिक मार्गातील सहावे अंग म्हणजे सम्यक व्यायाम. धम्मावरील व्याख्यानांत सम्यक दृष्टी, सम्यक वाचा, सम्यक आजीविका यांवर पुष्कळ बोलले जाते. सम्यक व्यायामाची मात्र बहुधा दोन वाक्यांत बोळवण होते. वास्तविक रोजच्या जीवनात माणूस अडतो तो याच ठिकाणी. चांगले काय हे त्याला ठाऊक असते. ते करण्याची इच्छाही असते. पण इच्छा झाली त्या दिवसापासून काम पुरे होईपर्यंतचा पल्ला लांबचा असतो आणि त्या वाटेत त्याचा उत्साह कुठेतरी गळून पडतो.

आपल्या समाजजीवनात हे दृश्य वर्षातून दोन-तीनदा दिसते. १४ एप्रिलला वस्ती उजळून निघते. धम्मचक्र प्रवर्तन दिनी विहारात पाय ठेवायला जागा नसते. भाषणे होतात, अभ्यासवर्ग सुरू करण्याचे ठरते, नावे लिहून घेतली जातात, वर्गणीही जमते. पुढच्या रविवारी पंधरा जण येतात, त्याच्या पुढच्या रविवारी सात, आणि महिन्याभरात ज्याच्याकडे विहाराची किल्ली असते तो एकटाच येऊन बसतो. घरातही तेच. मुलगा वेळापत्रक करून भिंतीला चिकटवतो, ताई शिवणाच्या क्लासला नाव घालते, गृहस्थ दारू सोडण्याची शपथ घेतात. आणि काही दिवसांनी वेळापत्रक भिंतीवर तसेच राहते, अभ्यास तेवढा राहून जातो.

यावरून 'आपल्या लोकांना तळमळच नाही' असा निष्कर्ष काढणारे वक्ते पुष्कळ आहेत. आम्हाला तसे वाटत नाही. तळमळ नसती तर दिवसभर राबून थकलेली माणसे त्या पहिल्या रविवारी तरी कशाला आली असती? अडचण वेगळी आहे. उत्साह ही आपोआप येणारी आणि आपोआप जाणारी गोष्ट आहे असे आपण धरून चालतो. तो आला की कामाला लागायचे, गेला की परत येण्याची वाट पाहायची. तथागतांची शिकवण याच्या उलट आहे. प्रयत्न हा मनाच्या लहरीवर सोडून देण्याचा विषय नाही. तो शिकण्याचा, सवयीने वाढवण्याचा आणि योग्य मापाने करण्याचा विषय आहे. ही शिकवण पाली साहित्यात किती बारकाईने आली आहे आणि नोकरी-संसाराच्या धबडग्यात तिचा उपयोग कसा होतो, हे पाहण्याचा हा अल्पसा प्रयत्न.

शब्दांचे खरे अर्थ

प्रथम काही शब्द नीट समजून घेऊ. 'व्यायाम' म्हटले की आज आपल्याला दंड-बैठका आणि तालीम आठवते. पालीतील 'वायाम' शब्दाचा अर्थ आहे प्रयत्न, परिश्रम. दुसरा शब्द 'वीर्य', पालीत 'विरिय'. मराठीत याचा अर्थ फार संकुचित झाला आहे, म्हणून धम्मग्रंथात तो आला की नवखा वाचक थबकतो. या शब्दाचे मूळ नाते 'वीर' या शब्दाशी आहे. हाती घेतलेले काम मध्येच न टाकण्याची धमक म्हणजे वीर्य. दहा पारमितांमध्ये वीर्य पारमिता आहे. श्रद्धा, वीर्य, स्मृती, समाधी आणि प्रज्ञा या पाच बलांमध्ये ते आहे आणि सात बोध्यंगांमध्येही आहे. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूर येथे परमपूज्य डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी आपल्या लाखो अनुयायांना ज्या बावीस प्रतिज्ञा दिल्या, त्यांत अष्टांगिक मार्गाचा अवलंब करण्याची एक प्रतिज्ञा आहे आणि दहा पारमितांचे पालन करण्याची दुसरी. म्हणजे प्रयत्नशील राहण्याचे वचन आपण एकदा नव्हे, दोनदा दिलेले आहे.

तिसरा शब्द 'छंद'. मराठीत छंद म्हणजे फावल्या वेळचा नाद. पालीमध्ये छंद म्हणजे काहीतरी करण्याची इच्छा. ती कुशल कर्माकडे वळलेली असेल तर कुशल छंद. येथे शिकल्या-सवरलेल्या मंडळींचाही गोंधळ होतो. बुद्धांनी तृष्णा सोडायला सांगितली, मग बढतीची, मुलांच्या शिक्षणाची, चार भिंतींच्या पक्क्या घराची इच्छा आपण धरायची की नाही, असा प्रश्न अभ्यासवर्गात हमखास निघतो. संयुत्त निकायात याचे सुंदर उत्तर आहे. उण्णाभ नावाच्या ब्राह्मणाने कोसंबीच्या घोषितारामात भदंत आनंदांना अशाच आशयाची शंका विचारली. इच्छेच्या साहाय्याने इच्छा संपवायची तर या कामाला अंतच राहणार नाही, असे त्याचे म्हणणे होते. आनंदांनी त्याला उलट विचारले, की या विहारात येण्याची इच्छा तुला आधी झाली होती ना, आणि येथे पोहोचल्यावर ती शमली ना? उण्णाभाला ते पटले. काम पुरे झाले की जी शांत होते ती कार्याची इच्छा, आणि मिळाले तरी जी भागत नाही ती तृष्णा, एवढा फरक आपण ध्यानात ठेवला तरी पुरे. धम्म माणसाला निरिच्छ करून बसवून ठेवत नाही.

प्रयत्नाची चार कामे

सम्यक व्यायाम म्हणजे नुसती धडपड नव्हे. तिला चार निश्चित कामे नेमून दिलेली आहेत. 'बुद्ध आणि त्याचा धम्म' या ग्रंथात बाबासाहेबांनीही सम्यक व्यायामाचे चार हेतू सांगितले आहेत. पाली साहित्यात त्यांना संवर, प्रहाण, भावना आणि अनुरक्षण अशी नावे आहेत.

संवर म्हणजे जी अकुशल गोष्ट अजून मनात आलेली नाही ती येऊ न देणे. प्रहाण म्हणजे जी आलेली आहे ती दूर करणे. भावना म्हणजे जी चांगली गोष्ट अजून आपल्यात नाही ती निर्माण करणे. आणि अनुरक्षण म्हणजे जी चांगली गोष्ट निर्माण झाली आहे ती राखणे, वाढवणे.

दहावीच्या मुलाचे उदाहरण घेऊ. अभ्यासाला बसताना तो मोबाईल दुसऱ्या खोलीत आईजवळ ठेवतो, हा संवर. वाचता वाचता क्रिकेटचा विचार डोक्यात शिरलाच, तर तो ओळखून पुन्हा ओळीवर येतो, हे प्रहाण. गणिताची भीती वाटत असूनही रोज दोन उदाहरणे सोडवू लागतो, ही भावना. आणि पहिल्या चाचणीत बरे गुण मिळाल्यावर 'आता जमले' म्हणून ती दोन उदाहरणे सोडून देत नाही, हे अनुरक्षण.

आपली सगळी भाषणे भावना या तिसऱ्या कामावर होतात. नवे सुरू करा, संकल्प करा, शपथ घ्या. पण कामे बुडतात ती बहुतेक पहिल्या आणि चौथ्या ठिकाणी. मोह समोर ठेवूनच आपण संकल्प करतो, आणि संकल्प थोडासा फळाला आला की त्याची राखण सोडतो. बँकेत काम करताना हे आम्ही नेहमी पाहतो. आवर्ती ठेवीचे, म्हणजे आर.डी.चे खाते उघडताना माणूस मोठ्या उमेदीने फॉर्म भरतो. खाते उघडणे ही भावना झाली. ज्याने पगाराच्या दिवशीच हप्ता कापून जाण्याची सोय करून ठेवली, त्याने संवर केला. 'उरले तर भरू' म्हणणाऱ्याचे हप्ते लवकरच चुकू लागतात. दोघांची गरज सारखीच असते, उमेदही सारखीच असते. राखणीची व्यवस्था तेवढी वेगळी असते.

आठ प्रसंग, दोन माणसे

या विषयावरील आम्हाला सर्वात मोलाचे वाटणारे विवेचन अंगुत्तर निकायाच्या अट्ठक निपातात आहे. तेथे आळसाची आठ निमित्ते सांगितली आहेत आणि लगेच प्रयत्नाला लागण्याचीही आठ निमित्ते सांगितली आहेत. वाचताना लक्षात येते की दोन्ही याद्यांतील प्रसंग अगदी तेच आहेत. प्रसंग बदलत नाही. त्या प्रसंगी माणूस स्वतःशी काय बोलतो ते बदलते.

पहिली जोडी कामाची. एका भिक्खूला काम करायचे असते. तो मनाशी म्हणतो, काम केले की शरीर थकेल, तेव्हा आधी जरा पडावे. दुसरा म्हणतो, काम सुरू झाले की धम्माकडे लक्ष देणे सोपे जाणार नाही, तेव्हा आधीच थोडी साधना करून घ्यावी. काम संपल्यावर पहिला म्हणतो, फार दमलो, आता पडतो. दुसरा म्हणतो, कामामुळे इतका वेळ साधना राहिली होती, आता करतो.

दुसरी जोडी प्रवासाची. प्रवासाला निघायचे असते तेव्हा आणि प्रवासाहून आल्यावर, दोन्ही वेळा पहिल्याला आडवे होण्याचे कारण सापडते आणि दुसऱ्याला त्याच दोन्ही वेळा काम साधून घेण्याचे कारण सापडते.

तिसरी जोडी अन्नाची. भिक्षेत पुरेसे मिळाले नाही तर पहिला म्हणतो, अंगात त्राण नाही. दुसरा म्हणतो, शरीर हलके आहे, कामाला ठीक आहे. पोटभर मिळाले तर पहिला म्हणतो, भिजलेल्या उडदासारखे अंग जड झाले आहे. दुसरा म्हणतो, आता शरीरात बळ आहे.

चौथी जोडी प्रकृतीची. थोडे बरे वाटत नसेल तर पहिल्याला पडून राहायला निमित्त मिळते. दुसरा म्हणतो, हे दुखणे वाढूही शकते, वाढण्यापूर्वी जेवढे होईल तेवढे करावे. आजारातून उठल्यावर पहिला म्हणतो, अजून अशक्तपणा आहे. दुसरा म्हणतो, दुखणे उलटू शकते, त्याआधी उरलेले काम हाती घ्यावे.

अडीच हजार वर्षांपूर्वीच्या भिक्खूंना उद्देशून केलेला हा उपदेश आपल्या चाळीतल्या, कॉलनीतल्या घरांना किती लागू पडतो पाहा. कसाऱ्याहून किंवा कर्जतहून मुंबईला नोकरीला येणाऱ्या माणसाचे दिवसाचे कितीतरी तास लोकलमध्ये जातात. 'प्रवासात सगळा वेळ जातो, वाचायचे कधी?' असे म्हणणारा आणि 'प्रवासात निदान अर्धा तास बसायला मिळतो, तेवढे वाचून घेऊ' म्हणणारा, दोघे एकाच डब्यातून येतात. रात्रपाळीचा कामगार, परीक्षा संपलेला विद्यार्थी, बाळंतपणामुळे शिक्षण थांबलेली सून, निवृत्तीला एक वर्ष राहिलेले काका, या प्रत्येकाला आपापल्या जागी हे दोन्ही प्रकारचे बोलणे ऐकू येत असते.

आपल्या हाती प्रसंग निवडणे क्वचितच असते. बदली कुठे होईल, पाळी कोणती लागेल, घरात दुखणे केव्हा येईल हे आपण ठरवत नाही. म्हणून 'सगळे स्थिरस्थावर झाले की सुरुवात करू' हे वाक्य फार फसवे आहे. कामाआधी, कामानंतर, प्रवासाआधी, प्रवासानंतर, उपाशीपोटी, भरल्या पोटी, आजारात आणि आजारानंतर, असे आठही प्रसंग आळसाला देऊन टाकले तर प्रयत्नासाठी दिवसच शिल्लक राहत नाही.

वीणेच्या तारा

मात्र याचा अर्थ शरीराला जुंपून टाकावे असा कोणी काढू नये. सोण कोळिविस नावाचा चंपा नगरीतील एका धनाढ्य श्रेष्ठीचा पुत्र भिक्खू झाला. अत्यंत सुखात वाढलेला, कोमल पायांचा. राजगृहाजवळच्या सीतवनात त्याने इतक्या जिद्दीने चंक्रमण केले, म्हणजे येरझारा घालत साधना केली, की पावले फुटून ती जागा रक्ताने माखली. एवढे करूनही मन मुक्त होईना, तेव्हा त्याच्या मनात आले की घरी परत जावे, संपत्तीचा उपभोग घ्यावा आणि दानधर्म करावा. तथागत त्याच्याकडे गेले. सोण पूर्वी उत्तम वीणा वाजवत असे. वीणेच्या तारा फार ताणल्या तर नीट वाजतात का, फार सैल सोडल्या तर वाजतात का, असे त्यांनी त्याला विचारले. दोन्ही वेळा उत्तर नकाराचे होते. तेव्हा तथागतांनी त्याला समजावले की फार ताणलेल्या प्रयत्नाने चित्त अस्वस्थ होते आणि फार ढिल्या प्रयत्नाने आळस येतो. म्हणून प्रयत्नाचा समतोल राखावा. सोणाने तसे केले आणि तो अर्हत झाला. नेटाने प्रयत्न करणाऱ्या भिक्खूंमध्ये पुढे तथागतांनी त्यालाच अग्रस्थान दिले.

सोणाला घरी जावेसे वाटले ते आळसामुळे नव्हे, अति ताणामुळे. आपल्याकडे हे फार दुर्लक्षिले जाते. स्पर्धा परीक्षांची तयारी करण्यासाठी खेड्यापाड्यांतून पुण्याला आलेली आपली मुले-मुली वर्षानुवर्षे एका खाटेवर राहून चौदा-पंधरा तास अभ्यास करतात. घरची सगळी आशा त्यांच्यावर असते. गावी फोन केला की पहिला प्रश्न निकालाचा. अशा मुलाची तार तुटायला आली असताना 'अजून नेट लाव' एवढेच आपण सांगत असू तर तो सम्यक व्यायाम नव्हे. आईवडिलांनी, मामा-काकांनी त्याच्या जेवणाची, झोपेची विचारपूस करावी. निकाल काहीही लागला तरी घराचे दार उघडे आहे हे त्याला स्पष्ट शब्दांत सांगावे. आणि किती वर्षे प्रयत्न करायचा, सोबत दुसरे कोणते काम शिकायचे, हेही वेळीच बसून ठरवावे. ज्याची तार सैल आहे त्याला ताण हवा, ज्याची ताणलेली आहे त्याला विसावा हवा. दोघांना एकच भाषण लागू पडत नाही.

झोप येते तेव्हा

तथागतांचा उपदेश किती व्यवहारी होता याचे आणखी एक उदाहरण सांगावेसे वाटते. महामोग्गल्लान हे पुढे तथागतांच्या दोन अग्रश्रावकांपैकी एक झाले. सुरुवातीच्या काळात मगधातील कल्लवालमुत्त गावी साधनेला बसले असता त्यांना डुलक्या येत. तथागतांनी त्यांना रागे भरले नाही. एकापुढे एक उपाय सांगितले. ज्या विचारात असताना झोप येते तो विचार बाजूला ठेवावा. तरी झोप आली तर ऐकलेल्या धम्मावर चिंतन करावे. मग त्याचे मोठ्याने पठण करावे. मग कान ओढावेत, हातपाय चोळावेत. मग उठून डोळ्यांवर पाणी मारावे, चारी दिशांकडे आणि आकाशातल्या ताऱ्यांकडे पाहावे. मग मनात उजेडाची कल्पना आणावी. मग येरझारा घालाव्यात. आणि एवढ्यानेही झोप गेली नाही, तर उठण्याची वेळ मनात धरून सरळ उजव्या कुशीवर झोपावे, आणि जाग येताच उठावे.

रात्री अभ्यास करणाऱ्या मुलांना यातील प्रत्येक उपाय उपयोगी आहे. परंतु आम्हाला शेवटचा उपाय फार महत्त्वाचा वाटतो. झोप हा येथे गुन्हा नाही. ती शेवटी घ्यावी, ठरवून घ्यावी, आणि उठण्याचा निश्चय करून घ्यावी एवढेच.

बाबासाहेबांच्या जीवनातील पुरावा

धम्मातील ही शिकवण जगून कशी दिसते हे पाहायचे तर बाबासाहेबांच्या आयुष्यातील १९१६ ते १९२३ हा काळ पाहावा. बाबासाहेबांची बुद्धी अलौकिक होती, आम्ही सामान्य माणसे, असे म्हणून आपण सुटका करून घेतो. बुद्धी बाजूला ठेवून फक्त कामाची रीत पाहू.

न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठातील अभ्यास आटोपून ते १९१६ साली लंडनला गेले. अर्थशास्त्राचा आणि कायद्याचा अभ्यास सुरू झाला आणि १९१७ मध्ये बडोदा संस्थानच्या शिष्यवृत्तीची मुदत संपल्याने तो अर्धवट टाकून त्यांना परतावे लागले. त्यांच्या पुस्तकांचे सामान ज्या जहाजात होते ते महायुद्धात बुडाले. बडोद्याच्या नोकरीत अस्पृश्य म्हणून राहायला जागासुद्धा मिळाली नाही. पण निघताना त्यांनी एक गोष्ट करून ठेवली होती. चार वर्षांच्या आत परत येऊन अभ्यास पुरा करण्याची परवानगी विद्यापीठाकडून घेतली होती. तुटलेल्या कामाचे टोक त्यांनी हातात ठेवले होते. नोव्हेंबर १९१८ मध्ये मुंबईच्या सिडनहॅम कॉलेजात प्राध्यापकाची नोकरी मिळाली. पगारातून काटकसरीने पैसे शिल्लक टाकले, छत्रपती शाहू महाराजांचे साहाय्य व नवल भथेना या पारशी मित्राकडून कर्ज घेतले आणि १९२० मध्ये ते पुन्हा लंडनला गेले. १९२१ मध्ये एम.एस्सी. झाले. डी.एस्सी.साठी रुपयाच्या प्रश्नावर लिहिलेला प्रबंध १९२३ च्या आरंभी परीक्षकांनी फेरलेखनासाठी परत केला. पैसे संपत आले होते. त्यांनी मुंबईत येऊन प्रबंधात फेरफार केले, तो पुन्हा पाठवला आणि त्याच वर्षी पदवी मिळवली.

शेवटच्या वर्षांतही तेच. मधुमेहाने आणि पायांच्या दुखण्याने शरीर खचले होते, दृष्टी अधू झाली होती, आणि तरीही 'बुद्ध आणि त्याचा धम्म' या ग्रंथाचे काम चालू होते. ६ डिसेंबर १९५६ रोजी त्यांचे महापरिनिर्वाण झाले आणि ग्रंथ १९५७ मध्ये प्रसिद्ध झाला. दुखणे वाढेल, तेव्हा त्याआधी काम करून घ्यावे, हे आठ प्रसंगांतील वाक्य आठवावे. आपल्या घरातील फळीवर जो ग्रंथ ठेवलेला आहे तो अशा प्रयत्नातून आपल्यापर्यंत आला आहे.

एकट्याचे काम नव्हे

आणखी एक मुद्दा मांडला नाही तर विवेचन अपुरे राहील. प्रत्येक थकलेला माणूस आळशी नसतो. बारा तास सुरक्षारक्षक म्हणून उभे राहणाऱ्या भावाला, चार घरची धुणीभांडी करून आलेल्या ताईला सम्यक व्यायामाचा उपदेश करणे हा निव्वळ निर्दयपणा आहे. दहा बाय दहाच्या खोलीत सहा माणसे असतील तर मुलाने अभ्यास कुठे करायचा? तथागतांनी प्रयत्नाचा मार्ग शिकवला आणि त्याचबरोबर संघही स्थापन केला. चांगल्या मित्रांची संगत म्हणजे निम्मे श्रेष्ठ जीवन, असे आनंद एकदा म्हणाले, तेव्हा ते निम्मे नसून संपूर्ण आहे, अशी दुरुस्ती तथागतांनी केली. अशा मित्राला धम्मात कल्याणमित्र म्हणतात.

बाबासाहेबांनीही केवळ उपदेश केला नाही, सोय केली. १९४५ मध्ये त्यांनी पीपल्स एज्युकेशन सोसायटीची स्थापना केली आणि १९४६ मध्ये मुंबईत सिद्धार्थ महाविद्यालय सुरू झाले. तेथे वर्ग सकाळी भरत, त्यामुळे नोकरी करणाऱ्या तरुणांनाही शिकता आले. विद्यार्थ्याला वेळ नाही म्हणून त्याला दोष न देता शाळेची वेळ बदलली. आपल्या कल्याण संस्थांनी हा धडा घ्यावा. वर्षभर बंद राहणारे विहार रात्री दहापर्यंत अभ्यासिका म्हणून उघडे ठेवता येते. पाळीपाळीने किल्ली घेणारी सहा माणसे मिळाली तर एकावर भार पडत नाही. बायकांना संध्याकाळी स्वयंपाकामुळे येता येत नसेल तर त्यांचा वर्ग दुपारी घ्यावा. रविवारी सात माणसे आली तर न आलेल्यांवर टीका करण्यापेक्षा त्यांतील एकाने उठून आठव्याच्या घरी जावे आणि 'दादा, दोन रविवार दिसला नाहीत, सगळे ठीक ना?' एवढे विचारावे.

काही साधे नियम

वरील विवेचनावरून रोजच्या जीवनासाठी काही नियम काढता येतात.

पहिला, एका वेळी एकच गोष्ट धरावी आणि ती लहान असावी. रोज दोन पाने, वीस मिनिटे, महिना शंभर रुपये. आजारपणातही निभेल एवढी.

दुसरा, वेळ व जागा ठरवून टाकावी. रोज नव्याने ठरवायचे असले की मनाला वाटाघाटी करायला वाव मिळतो.

तिसरा, सुरू करण्यापूर्वी मोह दूर ठेवण्याची व्यवस्था करावी.

चौथा, मनात 'आज नको' असे आले की कारण ऐकावे आणि ते आठ प्रसंगांपैकी कोणते हे पाहावे. कारण खरे असेल तर विश्रांती घ्यावी, पण उठण्याची वेळ ठरवून. कारण नुसते निमित्त असेल तर तेच वाक्य उलटे करून पाहावे.

पाचवा, खंड पडला तर शोक करीत बसू नये. तुटले तेथून जोडावे. दोन हप्ते चुकले म्हणून खाते बंद करू नये.

सहावा, आपला संकल्प एका तरी माणसाला सांगून ठेवावा आणि त्याचा संकल्प आपण विचारत राहावे.

कुसिनारा येथे महापरिनिर्वाणापूर्वी तथागतांनी भिक्खूंना जो अखेरचा उपदेश केला तो संस्कारांच्या अनित्यतेचा आणि अप्रमादाचा, म्हणजे बेसावध न राहता आपले कार्य सिद्धीस नेण्याचा होता. पंचेचाळीस वर्षे गावोगाव पायी फिरून धम्म सांगणाऱ्या महामानवाने शेवटी ही एक गोष्ट शिल्लक ठेवली, यावरून तिचे महत्त्व ओळखावे.

आषाढ पौर्णिमा ते आश्विन पौर्णिमा या वर्षावासाच्या तीन महिन्यांत विहाराविहारांतून 'बुद्ध आणि त्याचा धम्म' या ग्रंथाचे वाचन होते. उत्साह पहिल्या दिवशी असतोच. यंदा प्रत्येक उपासक-उपासिकेने एवढेच करावे, की ज्या संध्याकाळी पाऊस आहे, लोकल उशिरा आली आहे, अंग मोडून आले आहे आणि विहारात पाच-सहाच माणसे असणार हे ठाऊक आहे, त्या संध्याकाळी दहा मिनिटे का होईना जाऊन बसावे. सम्यक व्यायामाची खरी परीक्षा त्या संध्याकाळी असते, आणि आपल्या पुढच्या पिढीची अभ्यासिकाही अशाच संध्याकाळींमधून उभी राहणार आहे.

नमो बुद्धाय ! जयभीम !